मनासाठी दोन आठवडे

एमबीबीएसचा अभ्यासक्रम साडेचार वर्षांचा आणि त्यानंतर एक वर्षाची आंतरवासिता. या साडेपाच वर्षांत भावी डॉक्टर माणसाच्या शरीराची प्रदक्षिणा अनेकदा पूर्ण करतो. हाडांच्या खाचाखोचा हाताळून पाहतो, हृदयाचे ठोके कान देऊन ऐकतो, मूत्रपिंडाच्या नलिकेत काय शिरते आणि काय बाहेर पडते हे तोंडपाठ करतो. आणि मन? १९९७ साली भारतीय वैद्यक परिषदेने जे नियम केले, त्यांत मनोविकारशास्त्राच्या वाट्याला वीस तासांची व्याख्याने आणि दोन आठवड्यांची वॉर्डातील हजेरी आली. आंतरवासितेत हा विषय ऐच्छिक होता. म्हणजे दोन आठवडे संपल्यावर पुन्हा कधीही मनोरुग्णासमोर न बसता एखाद्याने डॉक्टरकीची पाटी लावावी, अशी सोयच होती. आज गावोगावी दवाखाने चालवणारे जे मध्यमवयीन एमबीबीएस डॉक्टर आपण पाहतो, ते बहुतेक याच किंवा याहून जुन्या नियमांखाली शिकलेले आहेत.

मी अनेक वर्षे वैद्यकीय विद्यार्थ्यांना हा विषय शिकवला. या दोन आठवड्यांना विद्यार्थ्यांच्या बोलीत 'आरामाची पोस्टिंग' म्हणतात, हे मला पहिल्याच वर्षी कळले. सकाळची सही झाली की निम्मी तुकडी ग्रंथालयात आणि उरलेली कॅन्टीनमध्ये. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. विद्यार्थी हिशेबी असतो. परीक्षेत जे विचारले जाते त्यालाच तो वेळ देतो, आणि त्याच्यापुढे पदव्युत्तर प्रवेशाची टांगती तलवार असताना त्याने तसे करू नये असे कोणत्या तोंडाने सांगायचे? मनोविकारशास्त्राची स्वतंत्र परीक्षा नाही. मेडिसिनच्या लेखी परीक्षेत त्याला थोडी जागा मिळते. प्रात्यक्षिकात आपल्या वाट्याला मनोरुग्णाची केस येईल, या धास्तीने रात्रभर जागलेला विद्यार्थी मला तरी कधी भेटला नाही.

हे चित्र थोडे बदलले आहे, हेही सांगितले पाहिजे. २०१९ च्या नव्या अभ्यासक्रमाने या विषयाला ४० तास दिले. त्यांतली २५ व्याख्याने आणि बाकीचे तास छोट्या गटांतील चर्चेसाठी व स्वाध्यायासाठी. वॉर्डातील हजेरी दोन वेळा, दोन-दोन आठवड्यांची झाली. आंतरवासितेतही दोन आठवडे सक्तीचे झाले. रुग्णाशी बोलावे कसे, वागावे कसे, यासाठी निराळे पाठही अभ्यासक्रमात आले. या सुधारणांचे स्वागत करायलाच हवे. परंतु आठवडे दुप्पट झाल्याने शिक्षण आपोआप दुप्पट होत नाही. ते आठवडे कुठे जातात, त्यांत विद्यार्थी कोणाशी बोलतो आणि शेवटी त्याला कोण काय विचारतो, हे प्रश्न शिल्लक राहतात. माझे म्हणणे थोडक्यात असे आहे : मनोविकार शिकवण्याची आपली जागा चुकली आहे, आणि परीक्षेतून या विषयाला दिलेली सूट ही शेवटी रुग्णाच्या जिवावर बेतते.

प्रथम रुग्ण कुठे आहेत ते पाहू. बंगळुरूच्या निम्हान्स या संस्थेने २०१५-१६ मध्ये देशातील १२ राज्यांत मानसिक आरोग्याची पाहणी केली. तीत १०.६ टक्के प्रौढांमध्ये कोणता ना कोणता मानसिक विकार आढळला, आणि विकारागणिक ७० ते ९२ टक्के लोकांपर्यंत उपचार पोहोचलेले नव्हते. महाराष्ट्राचा समावेश त्या १२ राज्यांत नव्हता. पण आपल्याकडचे चित्र फार निराळे असेल असे समजून निर्धास्त होण्याचे कारण दिसत नाही. मनोविकारतज्ज्ञांची संख्या लाख लोकांमागे पाऊण, असा अंदाज २०१९ च्या सुमारास मांडला गेला होता. लाखाला एक पूर्ण माणूससुद्धा नाही! आणि हे पाऊण तज्ज्ञही बहुतेक शहरांत. तेव्हा मनाने आजारी असलेल्या माणसाची पहिली गाठ पडते ती गल्लीतल्या डॉक्टरशी, प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या वैद्यकीय अधिकाऱ्याशी किंवा सरकारी रुग्णालयातल्या बाह्यरुग्ण विभागाशी. त्याआधी देवऋषी, अंगारा आणि गंडा-दोरा झालेला असतोच. पण डॉक्टरच्या दारात तो येतो, हे महत्त्वाचे.

येतो, पण 'मला नैराश्य आले आहे' असे म्हणत येत नाही. 'डोकं जड राहतं', 'हातापायाला मुंग्या येतात', 'छातीत धसकन होतं', 'अंगात कणकण असते', 'अन्न गोड लागत नाही', 'कशात जीव रमत नाही' अशा शब्दांत तो आपले दुखणे सांगतो. आमच्या विद्यार्थ्याने पाठ केलेली नैराश्याची लक्षणे इंग्रजीत असतात. तो समोरच्या बाईला विचारतो, 'तुम्हाला उदासीनता वाटते का?' बाई गोंधळते आणि 'नाही' म्हणते. विद्यार्थी केसपेपरवर 'नील' लिहितो. पुढे रक्त, लघवी, एक्स-रे, कंबरेचा एमआरआय अशी वरात निघते. माझ्याकडे पोहोचलेल्या कित्येक स्त्रियांच्या पिशवीत चार-पाच वर्षांचे असे कागद असत आणि त्यांतले सगळे निष्कर्ष 'नॉर्मल' असत. नवऱ्याने त्यावरून काढलेला निष्कर्षही ठरलेला असे : हिला काही झालेले नाही, नाटके करते. त्या पिशवीतील प्रत्येक कागदावर एका सुशिक्षित डॉक्टरची सही असते. त्याची बुद्धी कमी नव्हती, हेतू वाईट नव्हता. फक्त झोप कशी लागते, जेवण जाते का आणि घरात मोकळेपणाने बोलायला कोणी आहे का, हे तीन साधे प्रश्न विचारण्याची सवय त्याला कोणी लावली नव्हती.

ही सवय का लागली नाही, याचे उत्तर आपल्या इतिहासात आहे. नागपूर, ठाणे, येरवडा, रत्नागिरी येथील मनोरुग्णालये इंग्रजी अमदानीतली. वस्तीपासून दूर, उंच भिंतींच्या आत. 'याला आता ठाण्याला पाठवा', 'येरवड्याला न्या' हे शब्द मराठी माणसाच्या तोंडी थट्टेचे आणि शिवीचे म्हणून रुळले, ते त्या भिंतींमुळे. १९४६ च्या भोर समितीला अवघ्या देशात मनोरुग्णांसाठी जेमतेम दहा हजार खाटा आढळल्या होत्या. तज्ज्ञ तयार करणारी संस्था बंगळुरूला उभी राहिली ती १९५४ मध्ये. वैद्यकीय महाविद्यालयांच्या सर्वसाधारण रुग्णालयांत मनोविकार विभाग हळूहळू आले खरे, पण भिंतीची सवय गेली नाही. आजही अनेक ठिकाणी हा विभाग इमारतीच्या टोकाला असतो आणि विद्यार्थ्याला जे दाखवायचे ते त्या टोकाला नेऊन दाखवले जाते.

आणि काय दाखवले जाते? भ्रम झालेला, कानात आवाज ऐकू येणारा, उन्मादाच्या भरात अखंड बोलणारा रुग्ण. वीस-पंचवीस विद्यार्थ्यांच्या कोंडाळ्यात त्याला बसवायचे आणि त्याच्याकडून लक्षणे वदवून घ्यायची. विद्यार्थ्यांत खसखस पिकते, रुग्ण कधी त्यात सामील होतो, कधी ओशाळतो. तीव्र विकार विद्यार्थ्याने पाहिलेच पाहिजेत, याबद्दल वाद नाही. पण केवळ तेवढेच पाहिले, तर तो मनाशी एक खूणगाठ बांधून बाहेर पडतो, की मनोरुग्ण म्हणजे हा असा, आपल्याहून वेगळ्या जातीचा माणूस. पुढे त्याच्या दवाखान्यात डोके दुखते म्हणून आलेली शिक्षिका, झोप येत नाही म्हणून आलेला कंडक्टर, बाळंतपणानंतर गप्प झालेली सून, यांच्यात त्याला मनोविकार दिसेल कसा? त्याने पाहिलेला मनोरुग्ण तर असा नव्हता!

या अज्ञानाची सगळ्यांत मोठी किंमत कुठे मोजावी लागते, ते सांगतो. काही वर्षांपूर्वी एका जिल्हा रुग्णालयात मेडिसिनच्या वॉर्डातून जात होतो. खाटेवर तिशीतला शेतकरी, कीटकनाशक प्यायलेला, दोन दिवसांनी नुकता शुद्धीवर आलेला. आंतरवासी डॉक्टरने अतिशय व्यवस्थित माहिती दिली : बाहुल्या किती आकुंचन पावल्या होत्या, ॲट्रोपिन किती दिले, दर किती मिनिटांनी दिले. त्या पोराने रात्रभर जागून तो जीव वाचवला होता आणि मला त्याचे कौतुकच वाटले. मी विचारले, 'का प्यायला?' उत्तर आले, 'मोनोक्रोटोफॉस, सर.' मी 'का' विचारले होते. त्याला 'काय' ऐकू आले. तो काही निर्दय नव्हता. साडेचार वर्षे त्याला 'काय' हाच प्रश्न विचारला गेला होता. पोलिसांनी जबाब घेतला होता, परिचारिकांनी नाडी-रक्तदाबाचा तक्ता भरला होता. घरी गेल्यावर या माणसाला पुन्हा तसे करावेसे वाटेल का, हे मात्र कोणीच विचारले नव्हते. फवारणीच्या औषधाची उरलेली बाटली अजून घरातच आहे का, हेही नाही.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार २०२२ साली देशात १,७०,९२४ जणांनी आत्महत्या केली. त्यांतल्या २२,७४६ महाराष्ट्रातल्या. कोणत्याही राज्यापेक्षा जास्त. आत्महत्येमागे कर्ज, नापिकी, दारू, घरगुती छळ अशी अनेक कारणे गुंतलेली असतात आणि डॉक्टरने ती सगळी सोडवावीत असे कोणी म्हणणार नाही. पण ज्याने एकदा प्रयत्न केला, त्याने पुन्हा करण्याचा धोका इतरांपेक्षा खूप जास्त असतो. हा माणूस आपल्या रुग्णालयात, आपल्या खाटेवर, चार-सहा दिवस आपल्या हाताशी असतो. तेव्हा काय करता येते? जागतिक आरोग्य संघटनेने पाच देशांत केलेल्या आणि २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाचे उत्तर स्वच्छ आहे. या पाच ठिकाणांत आपले चेन्नईही होते. आत्महत्येच्या प्रयत्नानंतर रुग्णालयात आलेल्या १,८६७ जणांपैकी निम्म्यांना नेहमीचे उपचार मिळाले. उरलेल्यांशी घरी जाण्यापूर्वी सुमारे तासभर नीट बोलणे झाले आणि पुढच्या दीड वर्षात नऊ वेळा फोन करून किंवा भेटून विचारपूस झाली. दीड वर्षाने पाहिले तेव्हा पहिल्या गटातील २.२ टक्के लोकांनी आत्महत्या केली होती. विचारपूस झालेल्या गटात हे प्रमाण ०.२ टक्के होते. महागडे यंत्र नाही, नवे औषध नाही. तासभर बोलणे आणि नऊ वेळा 'कसे आहात' विचारणे! ज्या वॉर्डात ॲट्रोपिनची मात्रा शिकवली जाते, त्याच खाटेशेजारी हे शिकवायला काय हरकत आहे? डिस्चार्ज कार्डावर पुढच्या भेटीची तारीख लिहावी आणि २०२२ मध्ये केंद्र सरकारने सुरू केलेल्या 'टेलिमानस' सेवेचा १४४१६ हा क्रमांक लिहावा, इतके तर आंतरवासी डॉक्टर आजपासून करू शकतो.

जिवाबद्दलचा हा प्रश्न विचारायचा कसा, याचीच विद्यार्थ्यांना भीती वाटते. 'आपण विचारले आणि त्याच्या डोक्यात ते नव्याने आले तर?' असे मला दरवर्षी कोणीतरी विचारत असे. विचारल्याने कोणी आत्महत्येला प्रवृत्त होत नाही. उलट, कोणीतरी विचारले याचाच बहुतेकांना दिलासा वाटतो, हे आता पुरेसे सिद्ध झाले आहे. पण प्रश्नाला पायऱ्या असतात. 'इतका त्रास होतो, तर कधी जगणं नकोसं वाटतं का?' मग, 'जिवाचं बरंवाईट करावं असं मनात येतं का?' मग, 'कसं करायचं, काही ठरवलं होतं का?' आणि शेवटी, 'मग थांबलात कशामुळे?' या शेवटच्या प्रश्नाच्या उत्तरात बहुधा एखादे लेकरू असते, म्हातारी आई असते, कधी गोठ्यातली गाय असते. उपचाराला धरायला दोरी तिथे सापडते. पोट तपासताना हात कोणत्या क्रमाने फिरवायचा, हे जसे हाताला धरून शिकवतात, तसेच हे प्रश्न शेजारी बसून शिकवावे लागतात. फळ्यावर लिहून ते येत नाहीत.

शिवाय हे केवळ मेडिसिनच्या वॉर्डापुरते नाही. पाय मोडला म्हणून अस्थिरोग विभागात दाखल झालेला गडी तिसऱ्या दिवशी थरथरू लागतो, भिंतीवर किडे दिसतात म्हणतो, सलाईन उपटून पळू लागतो. 'वेड लागले' म्हणून त्याला बांधून ठेवतात. वास्तविक त्याची रोजची दारू अचानक तुटलेली असते. वेळेवर ओळखले नाही तर हा प्रकार प्राणघातक ठरू शकतो, आणि ओळखले तर बरा होतो. प्रसूतीनंतर पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात एखादी बाई झोपेनाशी होते, भलतेच बोलू लागते, बाळाबद्दल विचित्र शंका घेऊ लागते. घरचे 'बाहेरचे' म्हणतात. ही तातडीची वैद्यकीय अवस्था आहे आणि दोन जिवांना धोका आहे, हे प्रसूतितज्ज्ञाला कळायलाच हवे. वृद्ध माणूस रात्री असंबद्ध बरळू लागला, तर ते वेड नसून लघवीतला जंतुसंसर्ग किंवा रक्तातले सोडियम घसरणे असू शकते. थायरॉईडची मंद चाल नैराश्याचे सोंग घेते. शरीर आणि मन यांची अशी सरमिसळ प्रत्येक वॉर्डात असताना, मन तेवढे इमारतीच्या टोकाला शिकवणे हा शास्त्रदृष्ट्याही अडाणीपणा आहे.

यावर एक आक्षेप हमखास घेतला जातो. 'प्रत्येक डॉक्टर मनोविकारतज्ज्ञ व्हायला लागला, तर झोपेच्या गोळ्या वाटत सुटतील.' आक्षेप घेणाऱ्यांना मी एवढेच सांगेन, की गोळ्या आजच वाटल्या जात आहेत. अल्प्राझोलामची चिठ्ठी लिहायला मनोविकारशास्त्र यावे लागत नाही. ते येत नाही म्हणूनच ती लिहिली जाते. झोप येत नाही म्हटले की गोळी, आणि ती वर्षानुवर्षे चालू. नीट शिकलेला डॉक्टर ही गोळी कधी द्यायची नाही, दिली तर किती दिवस आणि थांबवायची कशी, हे जाणतो. नैराश्याचे औषध लागू पडायला दोन-चार आठवडे लागतात, तोवर रुग्णाला धीर द्यावा लागतो, बरे वाटताच ते बंद करायचे नसते, हेही जाणतो. आणि आपल्या आवाक्याबाहेरचे काय, ते ओळखून तज्ज्ञाकडे पाठवणे हा तर शिक्षणाचाच भाग आहे.

दुसरा आक्षेप वेळेचा. ओपीडीत एका डॉक्टरसमोर शंभर रुग्ण असताना बोलत कोण बसणार? हा आक्षेप खोटा नाही. पण यावर गोव्याने एक वाट दाखवली आहे. 'संगत' संस्था आणि डॉ. विक्रम पटेल यांनी गोव्यातल्या २४ प्राथमिक उपचार केंद्रांत आणि दवाखान्यांत एक प्रयोग केला, त्याचे निष्कर्ष २०१० मध्ये प्रसिद्ध झाले. स्थानिक, वैद्यकीय शिक्षण नसलेल्या समुपदेशकांना प्रशिक्षण देऊन डॉक्टरच्या जोडीला बसवले. रुग्णाला आजार समजावणे, धीर देणे, पाठपुरावा करणे हे काम त्यांनी केले. सरकारी केंद्रांत आलेले नैराश्याचे व चिंतेचे रुग्ण त्यामुळे अधिक संख्येने बरे झाले. वेळ नसेल तर वेळ देणारा माणूस शेजारी ठेवता येतो. मात्र या माणसाकडे कोणाला पाठवायचे, हे ओळखणारा डॉक्टर हवाच. ती ओळख होण्यापुरती पाच मिनिटे शंभरांच्या रांगेतही निघतात. पुन्हा पुन्हा निष्कारण तपासण्यांसाठी येणारा रुग्ण त्याहून जास्त वेळ खातो.

कायद्याने तर हा प्रश्न केव्हाच निकालात काढला आहे. २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१८ पासून अमलात आला. सरकारी आरोग्य केंद्रांतील आणि तुरुंगांतील सर्व वैद्यकीय अधिकाऱ्यांना प्राथमिक व तातडीच्या मानसिक उपचारांचे प्रशिक्षण देणे त्याने सरकारवर बंधनकारक केले आहे. तातडीच्या प्रसंगी कोणताही नोंदणीकृत डॉक्टर ७२ तासांपर्यंत मनोरुग्णावर उपचार करू शकतो, असेही तो म्हणतो. आत्महत्येचा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असे गृहीत धरावे, असे या कायद्याने सांगितले. आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत तर जुने ३०९ कलम त्या रूपात राहिलेच नाही. याचा अर्थ काय? कालपर्यंत जो आरोपी होता तो आज रुग्ण झाला, आणि त्याची जबाबदारी पोलिसांकडून आपल्याकडे आली. १९८२ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रमापासून आणि १९९६ च्या जिल्हा कार्यक्रमापासून सेवेतल्या डॉक्टरांना अल्प मुदतीची प्रशिक्षणे देण्याचे प्रयत्न चालू आहेत. ती चांगलीच आहेत. पण महाविद्यालयाने जे शिकवायला हवे होते ते सरकारने नोकरी लागल्यावर शिकवायचे, हा व्यवहार किती वर्षे चालवायचा?

आणखी एक गोष्ट, जी आम्हा शिक्षकांना ऐकायला आवडत नाही. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने नेमलेल्या कृतिदलाचा अहवाल २०२४ मध्ये आला. त्यासाठी केलेल्या ऑनलाइन पाहणीत पदवीच्या २७.८ टक्के विद्यार्थ्यांनी आपल्याला मानसिक आजार असल्याचे नोंदवले. पदव्युत्तर विद्यार्थ्यांपैकी ३१.२ टक्के जणांनी आत्मघाताचे विचार येऊन गेल्याचे सांगितले. पाहणीला स्वेच्छेने उत्तर देणाऱ्यांचे हे आकडे आहेत, ही मर्यादा धरूनही ते झोप उडवणारे आहेत. ज्या वर्गात मनोरुग्णावर खसखस पिकते, त्या वर्गातला जो मुलगा स्वतः रात्र-रात्र जागत असतो, तो आमच्यापैकी कोणाकडे येईल? मानसिक आजार कसा शिकवला जातो यावरून तो आपला आजार सांगायचा की लपवायचा हे ठरवतो. वर्गाच्या शेवटी दार लावून 'सर, हे सगळे मला होते' म्हणणारे विद्यार्थी मी पाहिले आहेत. ज्या वर्षी रुग्णाला कोंडाळ्यात न बसवता तीन-तीन विद्यार्थ्यांच्या गटाने त्याच्या खाटेशी जाऊन बोलावे अशी पद्धत सुरू केली, त्या वर्षीपासून असे दार लावून येणारे वाढले. त्या दोन्ही गोष्टींचा संबंध आहे असे मला वाटते.

मग करायचे काय? आयोगाकडे आणि विद्यापीठाकडे माझे मागणे मोठे नाही. मनोविकारशास्त्राच्या आठवड्यांपैकी निम्मा काळ विद्यार्थी मनोविकार विभागात घालवू देत. उरलेला निम्मा मेडिसिनची ओपीडी, अपघात विभाग, प्रसूतिकक्ष आणि व्यसनमुक्ती केंद्र येथे, मनोविकाराच्या शिक्षकाबरोबर. लॉगबुकात सह्या मोजण्याऐवजी प्रत्येक विद्यार्थ्याने पाच रुग्णांची हकीकत रुग्णाच्याच शब्दांत मराठीत लिहावी; 'छातीत धसकन होतं' या शब्दांना वैद्यकीय नाव नंतर द्यावे. विषप्राशनाच्या प्रत्येक रुग्णाशी आंतरवासी डॉक्टरने घरी पाठवण्यापूर्वी बोलावे आणि ते कागदावर नोंदवल्याशिवाय डिस्चार्ज होऊ नये. यासाठी नवी इमारत लागत नाही, नवी पदेही फारशी लागत नाहीत. मेडिसिन आणि मनोविकार या दोन विभागप्रमुखांनी एकत्र बसून वेळापत्रक आखावे लागते, एवढेच. आमच्या महाविद्यालयांतील विभागांच्या सुभेदाऱ्या ज्यांना ठाऊक आहेत, ते 'एवढेच' या शब्दाला हसतील. पण मनावर घेतले तर हे जमते, असा माझा अनुभव आहे.

आणि शेवटची मागणी परीक्षेची. अंतिम वर्षाच्या प्रात्यक्षिकात प्रत्येक विद्यार्थ्याला एक रुग्ण असा मिळावा, ज्याच्याशी बोलल्याशिवाय निदान होणार नाही. बाहेरून आलेल्या परीक्षकाने त्याला औषधाची मात्रा विचारण्याआधी विचारावे, 'हा माणूस काय म्हणाला? आणि तू त्याला काय विचारलेस?' उत्तर न देणारे दोन-चार जण पहिल्या वर्षी नापास होतील, थोडी ओरड होईल. पुढच्या वर्षी पोस्टिंगच्या पहिल्या सकाळी सगळी तुकडी वॉर्डात हजर दिसेल. परीक्षेला काय येते, हे विद्यार्थ्यांना फार लवकर कळते.